बंपरला लावलेलं तिळाचं तेल

आपली गाडी दुसऱ्याच्या हाती धुवायला देणाऱ्यांतला मी नव्हे. त्यात आमच्या लेकीच्या, युनसोच्या होणाऱ्या सासरची मंडळी चोन्जू शहरातल्या हॉटेलात पहिल्यांदाच भेटणार होती. आमची जुनी गाडी त्या दिवशी नवी दिसलीच पाहिजे, असं मी ठरवून टाकलं.

"अहो, सरळ धुलाईवाल्याकडे द्या," बायको म्हणाली.

"आणि त्याने इंजिनात पाणी घातलं तर? भेट रस्त्यातच उरकायची का?"

मी सगळं रीतसर केलं. इंजिन थंड होऊ दिलं, बॅटरीची वायर काढली, फ्यूजच्या डबीला आणि हवेच्या नळीला पिशव्या बांधल्या. साबण फवारून ब्रशने घासलं, ओल्या फडक्याने पुसलं, वाळू दिलं. पिशव्या सोडून वायर जोडली, तर गाडी पहिल्याच झटक्यात सुरू.

राहिलं बाहेरचं काळं प्लास्टिक. ते उन्हाने पांढरट पडलं होतं. त्यासाठी सुटं पॉलिश आणून मी सोजू दारूच्या रिकाम्या हिरव्या बाटलीत भरलं होतं. स्वयंपाकघरातून बाटली उचलली आणि बंपर, आरसे, दारांच्या पट्ट्या चोळून चोळून काळ्याभोर केल्या. साबणाच्या वासाने नाक पार बधिर झालं होतं.

हॉटेलकडे जाताना बायको खुशीत होती. "विहीणबाईंसाठी आईने घाण्यावरून सोजूच्या बाटलीत भरून तिळाचं तेल आणलंय ना, बघा कसं घमघमतंय. बूच घट्ट आहे, तरीसुद्धा."

बायको आणि युनसो आत गेल्या. मी गाडी लावून उतरलो, तर कुठलंसं कुत्रं येऊन बंपर चाटायला लागलं. मी वाकून वास घेतला आणि आत धावलो.

विहीणबाईंनी बाटली उघडून भाताच्या वाडग्यावर वाकडी केली होती. मी ती हातातून ओढूनच घेतली.

"बाबा, काय करताय?" युनसो ओरडली.

"हे गाडीचं पॉलिश आहे."

"मग तेल कुठंय?" बायकोने विचारलं.

"गाडीवर."

व्याही ब्योनसाहेब उठून बाहेर गेले. संपलं लग्न, असं म्हणत मी मागोमाग गेलो. त्यांनी बंपरवर बोट फिरवलं आणि हुंगलं.

"तेल घाण्याचंच आहे," ते म्हणाले. मग माझ्या हातातल्या बाटलीकडे बघत हळूच विचारलं, "हे पॉलिश मी नेऊ का? माझ्याही गाडीचं प्लास्टिक पांढरं पडलंय."

लग्न ठरलं. विहीणबाई मात्र आमच्याकडून गेलेली कुठलीही वस्तू आधी हुंगतात. परवा तर नासपतीची पेटीसुद्धा हुंगली म्हणे.