धुराची साक्ष

डॉक्टर प्यो ग्यूसिक घरात शिरून बूट काढायला वाकले, तेवढ्यात त्यांच्या बायकोने, ओकरानबाईंनी, त्यांच्या डोक्याचा वास घेतला.

"भाजलेलं डुकराचं मांस! अहो, छातीत दोन स्टेंट आहेत. मांस सोडायचा शब्द दिला होतात ना मला?"

"अगं, ऑपरेशनचा वास आहे तो. विजेच्या सुरीनं कापलं की चरबी जळते, धूर होतो."

"इतकी वर्षं नाही आला तो!"

"इतकी वर्षं आपण दोघंही मांस खात होतो. कळणार कसा?"

बाईंना काही ते पटेना. नवरा पुन्हा आजारी पडेल या धास्तीने त्यांची झोप उडाली होती. दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन त्या देजॉन शहरातल्या नवऱ्याच्या रुग्णालयात गेल्या आणि ऑपरेशन थिएटरच्या दाराशीच ठाण मांडून बसल्या. आधी मुख्य नर्स नाम जंगए बाहेर आली. बाईंनी नाक पुढे केलं. तोच वास! मागोमाग भूल देणारे म्हातारे डॉक्टर आले. त्यांनाही तोच.

"म्हणजे सगळ्यांची मिळून पार्टी! आणि ह्यांना कुणी अडवलं नाही?"

"कसली पार्टी, बाईसाहेब?" जंगए खोकत म्हणाली. "दिवसभर धूर गिळतोय आम्ही. धूर ओढणारं मशीन कोपऱ्यात पडलंय. सर लावू देत नाहीत. म्हणे त्याच्या घरघरीनं हात थरथरतो."

डॉक्टर बाहेर येताच बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "नाक्यावरच्या मांसाच्या हॉटेलात प्रत्येक टेबलावर धूर ओढायची नळी लोंबते. तिथली घरघर चालते तुम्हाला! डुकराच्या धुराला नळी, आणि माणसाच्या धुराला या पोरीची छाती?"

भूलवाले डॉक्टर भिंतीकडे तोंड करून हसले.

दुसऱ्या दिवसापासून मशीन सुरू झालं. डॉक्टरांचा हात मुळीच थरथरला नाही. जंगएचा खोकला कमी झाला आणि डॉक्टर घरी आले की त्यांच्या अंगाला नुसता साबणाचा वास येऊ लागला. बाईंनी काही दिवस दारातच तपासणी केली, मग सोडून दिली. खरं तर तिथेच डॉक्टरांची नियत फिरली.

एका शुक्रवारी ते पुन्हा धुराच्या वासाने घमघमत आले.

"मशीन बिघडलं आज," बूट काढता काढता ते म्हणाले. "त्या पोरींचं फार वाईट वाटतं गं."

"अरेरे!" बाई मायेने जवळ आल्या. त्यांची कॉलर नीट केली आणि सावकाश एक दीर्घ श्वास घेतला.

"पेशंटला लसूण लावून भाजला होतात का हो?"