गाव विचारणारे कुकडे सर

आमच्या घरी कुणी आलं की आम्ही चहा पुढे करतो आणि पाहुणा तो पितो. शेजारचे कुकडे सर तसं करत नसत. ते आधी कप वर धरून त्याचं बूड बघत, मग चहाचा वास घेत आणि माझ्या बायकोला विचारत, "वहिनी, याचं गाव कोणतं?"

पहिल्या वेळी ती म्हणाली, "यांचं कारंजा."

"देशकरचं नाही वं वहिनी, चहाचं विचारून राहिलो."

मग उत्तराची वाट न बघता ते स्वतःच सुरू झाले. चहा आसामचा, साखर नगरकडची, कप खुर्ज्याचा, आणि आत पडलेली लवंग झांजिबारची. "एका घोटात किती मुलुख प्याले तुम्ही, देशकर. अन् बसले मात्र खुर्चीतच." हे बोलताना त्यांचे डोळे अर्धे मिटत. कुठल्या तरी बंदरात जहाज लागलंय, लवंगांची पोती खांद्यांवरून उतरताहेत, असं त्यांना दिसत असावं. नागपूरला दोन्ही समुद्र सारखेच लांब. तरी अशा वेळी आमच्या व्हरांड्यात वारा खारट झाल्यासारखा मला वाटे. मी सरकारी कचेरीत हिशेब तपासणारा माणूस आहे. या वाटण्याला माझ्याकडे पुरावा नाही, एवढंच नमूद करतो.

कुकडे सर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. मूळचे नरखेडकडचे, घरी संत्र्याचा बगीचा. वर्गात छापील मराठी आणि फाटकाबाहेर आले की वऱ्हाडी. माल कुठून कुठे जातो आणि त्याच्या मागे माणसं कशी जातात, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. ते किती वर्षं चालू होतं हे त्यांनाही सांगता येत नसे, म्हणून मीही आकडा देत नाही.

रविवारी ते स्टेशनवर जात. देशाच्या चारी दिशांच्या गाड्या तिथे येतात. सर फलाटावर मजुरांच्या गाठोड्यांशेजारी बसत आणि तीन प्रश्न विचारत: कुठून आला, कुठे चालला, काहून चालला. एकदा पोलिसानं त्यांनाच हटकलं, "और आप कहाँ जा रहे हो?"

"मैं कहीं नहीं जाता," सर म्हणाले, "इसीलिए तो पूछता हूँ."

नवी वस्तू घेण्याच्या ते विरुद्ध होते. "वस्तू आणणं म्हणजे पाहुणा आणणं गा. जाईल कधी, ते आधी विचारून घ्यावं." आम्ही मिक्सर आणला तेव्हा ते मिक्सरकडे न बघता कोपऱ्यातल्या पाट्याकडे बघत उभे राहिले. "याले पेन्शन देऊन राहिल्या का वहिनी?"

"तुम्ही वाटून देणार असाल तर मिक्सर परत करते," बायको म्हणाली.

पुढच्या रविवारी सर खरंच बाह्या सरसावून वाटायला आले. चटणी फार जाड झाली. मिक्सर राहिला.

त्यांची पत्नी वारून बराच काळ झाला होता. मूलबाळ नव्हतं. घरात स्टोव्ह, पुस्तकं आणि ते.

आमचा लेआउट तेव्हा नवा होता आणि प्लॉटा-प्लॉटांवर बांधकामं चालत. सरांच्या भिंतीला लागून छत्तीसगडकडच्या मजुरांची झोपडी होती: बुधराम, त्याची बायको फुलबासन आणि छोटी सुकवारा. धानाची कापणी उरकली की ते येत आणि पावसाआधी पेरणीला गावी परतत. सर त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ते आपले तीन प्रश्न घेऊनच. फुलबासननं तिन्हींची उत्तरं दिली आणि आपला एक प्रश्न केला, "आपके घर में राँधता कौन है?"

"स्टोव्ह," सर म्हणाले.

ती हसत हसत विटांच्या ढिगावर बसली. दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरून एक वाटी येऊ लागली. तिच्यात बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, वर मीठ, मिरची, कांदा. सर ती वाटी घेत आणि कशाचंही गाव न विचारता खात. सुकवारा त्यांना बबा म्हणे, म्हणजे आजोबा. हिवाळ्यातल्या दुपारी सर अंगणात उन्हात खुर्ची टाकून पेंगत, ती पायाशी रेतीत रेघोट्या ओढी, फुलबासन शेजारच्या बांधकामाच्या ओल्या भिंतीवर पाणी मारी. दुरून गाडीची शिटी येई आणि बराच वेळ हवेत राही. मी कचेरीला सुटी असली की हे बघत बसे. त्या अंगणात कुणी कुठे जाणार आहे असं वाटत नसे.

तिसऱ्या वर्षी बुधराम भिंतीपाशी आला. "सर, आप सबको पूछते हो. आज मैं पूछता हूँ. मुकद्दम दिल्ली बुला रहा है. वहाँ मजूरी सच में ज्यादा है क्या? आप बोलोगे तो जाएँगे."

लवंगेचं गाव कुणी न विचारता सांगणारे सर म्हणाले, "देखके बताता हूँ."

बघायचं काही नव्हतं. दिल्लीहून परतणाऱ्या किती मजुरांना त्यांनी फलाटावर विचारलं होतं. तरी आठवडाभर ते बघतच राहिले. मग एका संध्याकाळी आमच्याकडे आले आणि समोर आलेला चहा मुकाट्यानं प्यायले. बायकोनं माझ्याकडे बघितलं.

"तिथलं भाडं धरलं," सर म्हणाले. "रेल्वेचं तिकीट धरलं. थंडीच्या रजया धरल्या. पोरीले दरसाल नवा स्वेटर धरला, कारण पोरगी वाढून राहिली."

"आणि?"

"तरी दिल्लीच मोठी निघते गा." मग म्हणाले, "तिथल्या थंडीत सकाळी बासी खाता येणार नाही. हे कुठे धरू?"

"त्याला रकाना नाही," मी म्हणालो.

"नाही ना?" ते म्हणाले. "समजा, एखाद्यानं आकडा खराच सांगितला, पण उशिरा. तुमच्या कचेरीत त्याले काय म्हणते?"

"त्याच्या नावावर आक्षेप निघतो."

"मुकद्दम परवा माणसं घेऊन चालला," सर म्हणाले. "मी उद्या चूप राहिलो, तर बुधराम अन् पोरगी इथंच राहते." आणि उठले. त्यांच्या फाटकाची कडी वाजली नाही. ते सरळ भिंतीपलीकडच्या झोपडीकडे गेले होते. बराच वेळ त्यांचा आवाज ऐकू येत होता. ते थंडीपासून सुरुवात करून सगळा हिशेब सांगत होते, आणि अखेरीस बुधरामचा आवाज आला, "तो जाना ठीक है ना, सर?"

"ठीक है," सर म्हणाले.

स्टेशनवर मी त्यांच्याबरोबर गेलो. फलाटावर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. पिशवीतली संत्री खिडकीतून सुकवाराकडे देत म्हणाले, "बीज मत निगलना."

"तैं नइ आवस का, बबा?" ती म्हणाली. तू नाही का येत?

सरांनी मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, हे मला तेव्हा कळलं नाही आणि गाडी सुटली.

पुढच्या हिवाळ्यात सर सकाळी आमच्या व्हरांड्यात येऊ लागले. माझ्याआधी पेपर उचलत. बाजारभावांचं पान बाजूला ठेवून आतल्या पानावर खाली कोपऱ्यात शहरांचं तापमान देतात, तेवढंच बघत आणि घडी घालून परत देत. "आज बरी आहे दिल्ली," म्हणत, आणि मग चहा घेत.

एका सकाळी त्यांनी पेपर घडी घालून नुसताच परत दिला. मी घडी उघडून बघितलं. दिल्लीचा आकडा फार खाली आला होता. आमच्याकडे छान ऊन पडलं होतं, आणि बायकोनं नेहमीप्रमाणे त्यांची खुर्ची उन्हात ठेवली होती. सरांनी ती उचलली, सावलीत नेऊन ठेवली आणि तिथेच बसून राहिले.