आप्पांच्या चित्रांचा पंचनामा

विश्वनाथआप्पांनी एकदा अंबाजोगाईला निघालेली एसटी जागच्या जागी धरून ठेवली होती. हात आडवा केला नाही की शिट्टी वाजवली नाही. कंडक्टर एक पाय पायरीवर, एक पाय जमिनीवर ठेवून दाराच्या दांड्याला लोंबकळत होता, तेवढ्यात आप्पा खालून म्हणाले, "मास्तर, हाय तसं ऱ्हावा." आवाजात असं काही सरकारी वजन होतं की मास्तर राहिले. ड्रायव्हरला वाटलं, मास्तरांच्या कमरेत उसण भरली. आतल्या लोकांना वाटलं, तिकीट तपासणारे आले. आप्पांनी वहीत पेन्सिल फिरवली, घड्याळात पाहिलं, "हं, जावा आता," म्हणाले आणि एसटी गेली.

आप्पा मोजणी खात्यातून रिटायर झाले. केज तालुक्यातली निम्मी शेतं त्यांनी पायी तुडवलेली. घरी बसल्यावर पहिले सहा महिने त्यांनी अंगण, गच्ची आणि शेजाऱ्यांचं अंगण मोजलं. मग शेजारी ओरडले. तेव्हा नातीनं आजोबांना गप्प बसवण्यासाठी फोनवर चित्रकलेचा एक व्हिडिओ लावून दिला. त्यात कुणी हिंदी बोलणारा मास्तर सांगत होता की माणूस तीस सेकंदांत काढायचा, आणि माणूस नाही, त्याची हालचाल काढायची. आप्पांनी तो व्हिडिओ सरकारी परिपत्रकासारखा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वही, पेन्सिल आणि मनगटी घड्याळ घेऊन ते माझ्या शिलाईच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. आज चार वर्षं झाली, अजून उठलेले नाहीत.

गावाला याचा ताप व्हायला वेळ लागला नाही. घरी त्यांची बायको, आमच्या काकू, भाकरी थापत असताना आप्पा म्हणाले, "हात तसेच वर." काकू म्हणाल्या, "मग तव्याला बी सांगा थांबायला." आमच्या कॉलनीच्या बैठकीत "अध्यक्ष कोण होतंय?" असा प्रश्न निघाला, तेव्हा पोस्टातून रिटायर झालेले एक गृहस्थ डोकं खाजवत होते. आप्पा शेजारून म्हणाले, "हात तसाच." हात तसाच राहिला. गृहस्थ त्या दिवसापासून अध्यक्ष आहेत, आणि अजून आप्पांशी नीट बोलत नाहीत.

एवढं करून चित्रं कशी होती? भयानक होती. जन्मभर शेतांच्या हद्दी काढलेला माणूस. तो माणसाचीही हद्दच काढायचा. डोक्यापासून निघून कडेकडेनं खाली, तळपायाला वळसा, परत दुसऱ्या कडेनं वर, आणि डोक्याशी येऊन रेघ जुळली की समाधान. मधे काही नाही. सात-बाऱ्यावर चढवता येतील अशी माणसं.

मग त्या हिंदी मास्तरानं पुढच्या एका व्हिडिओत सांगितलं की आपलं काम चार जणांना दाखवा, चुका विचारा. आप्पांना चार मिळाले नाहीत, तीन मिळाले. पायरी माझी म्हणून मी. समोरच्या तालमीचे गफूर वस्ताद. आणि आरोग्य केंद्रातून रिटायर झालेल्या सुमन सिस्टर, ज्या ब्लाउज घ्यायला आल्या आणि अडकल्या. दर रविवारी माझ्या दुकानात बैठक. नियम एकच. "कौतुक करायचं न्हाई. कौतुकाला घरची मानसं हायेत. तुमी चूक सांगा."

आणि चूक नुसती सांगून भागायचं नाही. आप्पा ती लिहून घ्यायचे. पहिला कागद माझ्याकडे अजून आहे: "आम्ही खाली सही करणारे पंच, समक्ष हजर राहून पंचनामा लिहून देतो की, सदर इसम केळी विकत असून, त्याचा डावा हात गुडघ्याच्या खाली चार बोटं गेलेला आहे. मान आढळून आली नाही. करिता हा पंचनामा." खाली आमच्या तिघांच्या सह्या. वस्ताद आधी सही करायला तयार नव्हते. "आप्पा, कोर्टात तर न्हाई ना जावं लागनार?"

आम्ही तरी कुठे चित्रकलेतले जाणकार? जो तो आपापल्या धंद्यातून बोलायचा. मी म्हणायचो, या खांद्याला बाही बसणार नाही. सुमन सिस्टर चष्मा वर करून म्हणायच्या, "याला कंबरच नाही. हा पेशंट आला असता तर मी हात न लावता मोठ्या दवाखान्यात पाठवला असता." वस्ताद मात्र दर चित्राला एकच विचारायचे, "वजन कुठल्या पायावर हाय?"

आप्पांना राग यायचा. "वजन दिसतंय व्हय कुटं?"

"कुस्तीत तेच तर बघतो आमी. गडी ज्या पायावर उभा, तोच पाय ओढायचा. तुमच्या या गड्याचा कुठला पाय ओढू? दोन्ही हवेत हायत."

एका रविवारी वस्तादांनी आप्पांना दुकानात मधोमध उभं केलं. चित्रात हमाल होता, पाठीवर पोतं. "आता तसं उभं ऱ्हावा." आप्पा वाकले, एक पाय पुढे घेतला, आणि माझ्या कापडाच्या ठाणांवर आडवे झाले. सिस्टरांनी नाडी पाहिली. आप्पा पडल्या पडल्या छताकडे बघत म्हणाले, "लिव्हा. सदर इसम पडला. कारन वजन चुकलं."

तिथून पुढे नवाच ताप सुरू झाला. आप्पा आता माणूस काढण्याआधी अंगात घ्यायचे. रस्त्यानं कुणी पाय ओढत चालला की आप्पा त्याच्या मागे चार पावलं पाय ओढत चालायचे. एका पोट सुटलेल्या पुढाऱ्याच्या मागे ते पोट पुढे काढून तहसीलच्या फाटकापर्यंत गेले. पुढाऱ्याच्या माणसांनी अडवलं, "काहून नक्कल करायलास बे म्हाताऱ्या?" आप्पांनी शांतपणे वही उघडून दाखवली. पुढाऱ्यानं स्वतःचं चित्र पाहिलं आणि विचारलं, "मी एवढा मागं झुकून चालतो व्हय?" आप्पा म्हणाले, "पोटाला तोलायला झुकावंच लागतंय, साहेब. तुमची चूक न्हाई." साहेबांनी चित्र मागून नेलं. लोक म्हणतात, तेव्हापासून ते सरळ चालायला बघतात आणि दमतात.

पण खरं सांगायचं तर चित्रं सुधारली. कडेची रेघ गेली. डोक्यापासून टाचेपर्यंत एकच तिरकी रेघ यायची, आणि त्या एका रेघेत माणूस चाललेला दिसायचा. पंचनामे छोटे होत गेले. आप्पा अस्वस्थ झाले. "तुमी नीट बघंना झालाव," असं आम्हालाच म्हणू लागले.

मागच्या हिवाळ्यातल्या एका रविवारी त्यांनी एक कागद पुढे ठेवला. पाठमोरा माणूस, डोक्याला रुमाल, उजव्या हातात दुधाची किटली. आम्ही तिघं वाकून पाहू लागलो. तोंड नव्हतं, तरी ओळखायला एक क्षण लागला नाही. तो शिवलिंग होता, आप्पांचा धाकटा भाऊ.

अकरा वर्षांपूर्वी दोघा भावांची वाटणी झाली, तेव्हा आप्पांनी दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही. स्वतः मोजणीची साखळी टाकली. बांध दोन हात शिवलिंगच्या रानात सरकला आणि बांधावरचं चिंचेचं झाड आप्पांकडे आलं. शिवलिंग म्हणाला, "दादा, झाड मी लावलंय." आप्पा म्हणाले, "साखळी तसं म्हणत न्हाई." माप बरोबर होतं, हे शिवलिंगलाही माहीत होतं. त्या दिवसापासून तो बोलला नव्हता. रोज सकाळी सात वाजता तो दूध घालायला माझ्या दुकानासमोरून डेअरीकडे जातो. मान वळवायचा नाही.

"चूक सांगा," आप्पा म्हणाले.

वस्ताद म्हणाले, "न्हाई."

"न्हाई कशी? वजन बघा."

"वजन बरोबर हाय, आप्पा."

सिस्टरांनी नुसती मान हलवली. आप्पा माझ्याकडे वळले. मी म्हणालो, या खांद्याला बाही बसेल. आप्पा कागदाकडे बघत राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "निस्तं मागूनच बघितलंय हो. चूक असनारच."

त्यांनी कागद तिथंच ठेवला आणि चहा न घेता उठले.

शिवलिंगचे सदरे मीच शिवतो. दुसऱ्या दिवशी आप्पा यायच्या आधी मी बाहेर थांबलो, त्याला हाक मारली आणि काही न सांगता कागद हातात दिला. त्यानं किटली खाली ठेवली. बराच वेळ पाहिलं. कुणी काढलं, हे विचारलं नाही.

"उजवा गुडघा दाखवलाय दुखरा," तो म्हणाला. "माझा डावा दुखतोय. किटली उजवीकडं असती म्हनून तसं वाटतंय."

"मग सांग त्यांना. ते चूकच विचारतात."

"तुमी सांगा की."

"मी शिंपी. मला गुडघ्यातलं काय कळतंय?"

तेवढ्यात आप्पा कोपऱ्यावरून वळले. आम्हाला पाहिलं आणि जागीच थांबले. पुढे यावं की मागे जावं, ते ठरेना. शेवटी आले, पायरीवर बसले, वही मांडीवर घेतली आणि उघडलीच नाही. शिवलिंगनं कागद त्यांच्यापुढे धरला.

"गुडघा चुकलाय. डावा पायजे."

आप्पांनी कागद घेतला. "डावा," ते म्हणाले. मग, "कवापासून दुखतोय?"

"चार साल झाले."

"कुनी सांगितलं न्हाई मला."

"इचारलं कुटं तुमी."

आप्पांनी वही बाजूला ठेवली आणि पायरीवर सरकून जागा केली. शिवलिंग डावा पाय लांब करून, भिंतीला हात टेकत, हळूच बसला. आप्पांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि कुठं दुखतं ते अंगठ्यानं दाबून शोधू लागले. मी आत गेलो आणि उगाचच मशीन चालवत बसलो. त्या दिवशी दूध डेअरीला उशिरा पोचलं.