दाजींचे ॲव्हरेज

मनुष्याला आयुष्यात जे जे टाकवत नाही, ते ते शेवटी गाडीच्या डिकीत जाऊन पडते. विचारवंतांनी या गोष्टीकडे द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. माझ्या दाजींनी ते दिले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वजनमापे खात्यात एकतीस वर्षे निरीक्षक होते. (या काळात त्यांनी दोनशे सात तराजू जप्त केले आणि एकाही दुकानदाराचा चहा घेतला नाही. कप कधीच काठापर्यंत भरलेला नसे, हे त्याचे कारण.) निवृत्तीनंतर त्यांच्याकडे तोलण्यासारखे फारसे काही उरले नाही. घर होते, ताई होती आणि एक छोटी गाडी होती: अकरा वर्षांची, रंगाने करडी, स्वभावाने गरीब. लिटरला सोळा किलोमीटर देत असे आणि त्याबद्दल घरात कोणाची तक्रार नव्हती.

मग एके सकाळी पेट्रोल पंपावर खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य भेटले. त्यांचीही गाडी तीच, त्याच वर्षाची. "आमची वीस देते," असे म्हणून ते हसले. दंतवैद्यांचे दात चांगले असल्यामुळे त्यांचे हसणे जरा जास्तच लागते.

दुपारी जेवताना दाजी ताईला म्हणाले, "पैशाचा प्रश्न नाही. तत्त्वाचा आहे." हे वाक्य ज्या घरात उच्चारले जाते तिथे पुढचे सहा महिने सुखाचे जात नाहीत, असा माझा अनुभव आहे.

पहिला टप्पा वजनाचा. डिकीतला सगळा ऐवज जमिनीवर मांडून, ताणकाट्याला अडकवून, एकेक करून तोलण्यात आला. छत्र्या दोन (पैकी एकीला कापड नाही), बॅडमिंटनची रॅकेट एक, लेकीचा शाळेतला ड्रॉइंग बोर्ड, वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि फरशीचा एक मोठा तुकडा, ज्याचा पूर्वेतिहास कोणालाच सांगता आला नाही. एकूण एकोणीस किलो सहाशे ग्रॅम. त्यापाठोपाठ जॅक, पाने आणि स्टेपनी उतरली. "पंक्चर ही अपवादात्मक परिस्थिती आहे," दाजी म्हणाले. "अपवादासाठी रोज चौदा किलो वाहणं हा शुद्ध अपव्यय आहे." ॲव्हरेज सोळावरून सोळा पॉइंट तीनवर गेले. दाजींनी ते लाल शाईने वहीत लिहिले आणि मला फोन करून वाचून दाखवले.

मग मागचे सीट उतरले. ते हॉलमध्ये भिंतीला लावून ठेवण्यात आले. खोटे कशाला बोलू, बसायला उत्तम होते. फक्त पाहुणे त्यावर बसले की थोड्या वेळाने "आलं का?" अशा चेहऱ्याने खिडकीबाहेर बघू लागत.

पुढच्या आठवड्यात फ्रिजवर दाजींचे एक परिपत्रक लागले. "सर्व प्रवाशांनी गाडीत बसण्यापूर्वी पार्किंगमधील काट्यावर वजन द्यावे. अनावश्यक वस्तू सोबत बाळगू नयेत. जड जेवण प्रवासानंतर घ्यावे." सर्व प्रवासी म्हणजे ताई. एकुलत्या लेकीचे लग्न झालेले होते आणि ती चौतीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात राहत होती.

त्या दिवशी मी तिथेच होतो. ताई काट्यावर उभी राहिली. दाजी वाकून आकडा बघत होते.

"पर्स खाली ठेव," ते म्हणाले.

"का?"

"दोन किलो सातशे पर्सच भरतेय. काय काय घेऊन फिरतेस एवढं?"

ताईने पर्स उघडली. "तुमच्या बीपीच्या गोळ्या. तुमचा वाचायचा चष्मा. तुमचा दुसरा चष्मा. तुमचा मफलर. तुमच्या गाडीची कागदपत्रं."

दाजींनी क्षणभर विचार केला. मग गोळ्या खिशात घातल्या आणि म्हणाले, "बाकीचं ठेव इथंच."

ताईने पर्स उचलली, काट्यावरून उतरली आणि बाजारात चालत गेली. त्यानंतर ती सगळीकडे चालतच जाऊ लागली. दोन महिन्यांत तिचे वजन चार किलोने उतरले. दाजींनी याची नोंद प्रकल्पाच्या अप्रत्यक्ष लाभांत केली. शिवाय डावीकडच्या सीटचा वापर सलग आठ आठवडे शून्य भरल्याचे आढळून आल्याने तेही काढण्यात आले. तर्कात कुठे चूक काढायला जागा नव्हती. मी शोधली होती.

दुसरा टप्पा हवेचा. दाजींनी वाचनालयातून पुस्तके आणली आणि हवा हा पदार्थ दिसतो तितका सज्जन नाही, हे त्यांना कळले. ती गाडीला पुढून ढकलते, खालून पकडते आणि मागून ओढते. मग बाजूचे आरसे काढले गेले, कारण ते हवेत कान बाहेर काढून बसतात. चारही चाकांवर पिंपांची झाकणे बसली. (घरातली चारही पिंपे तेव्हापासून उघडी आहेत.) समोरची जाळी पुठ्ठ्याने बंद झाली. गाडीच्या पोटाला प्लायवूड लागले. आणि मागे साडेतीन फूट लांबीची, निमुळती होत जाणारी थर्मोकोलची शेपटी बसवण्यात आली. शेपटीमुळे गाडी आपल्या जागेत मावेना आणि टोक दंतवैद्यांच्या हद्दीत जाऊ लागले. दंतवैद्य हसायचे थांबले. हा प्रकल्पाचा पहिला निर्विवाद विजय.

गॅरेजचा मिस्त्री गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "साहेब, हवा खरी आडवी येते ती ऐंशीच्या पुढं. तुम्ही गावात चालवता पंचविसानं."

"म्हणून काय तिला मोकळं सोडायचं?"

"आणि जाळी बंद केलीत. इंजिन तापेल. निदान पाण्याची बाटली तरी ठेवा जवळ."

"किती लिटरची?"

"दोन."

"दोन लिटर म्हणजे दोन किलो," दाजी म्हणाले आणि मिस्त्रीकडे पाहून त्यांनी असा सुस्कारा सोडला की मिस्त्री स्वतःच ओशाळला.

ॲव्हरेज अठरा पॉइंट नऊ. वीस काही होईना. दाजींनी मिशी उतरवली, रात्रीचे जेवण सोडले, चपलाही घरी ठेवून गाडी चालवू लागले. एकोणीस पॉइंट एक. माणूस वाळला, डोळे खोल गेले. ताई मला फोनवर म्हणाली, "अरे, ते आता माझ्याकडेसुद्धा बघतात ना, तर उचलून बघितल्यासारखं बघतात."

अशातच भाची बाळंत झाली. जावई बोटीवर नोकरीला असल्याने महिनाभर तरी येणार नव्हते, म्हणून ताई आणि मी आधीच बसने तिच्या गावी जाऊन दवाखान्यात थांबलो होतो. ताईने दाजींना फोन लावला.

"आजोबा झालात!"

मग भरल्या आवाजात दाजींनी विचारले, "वजन किती?"

"तीन किलो शंभर."

"वा!" दाजी म्हणाले. "चालेल."

तीन दिवसांनी दवाखान्यातून सोडायचे आणि तिथून थेट माहेरी आणायचे ठरले. "मी येतो न्यायला," दाजी म्हणाले. त्यांनी भाचीचे वजन विचारून घेतले, बाळाचे होतेच, कपड्यांच्या बॅगेला सशर्त मंजुरी दिली. ताई आणि मी पुन्हा बसने येणार, हे गृहीत होते.

सकाळी अकराला गाडी दवाखान्याच्या दारात आली. रिक्षावाले उठून उभे राहिले. पहारेकऱ्याने शेपटीला हात लावून पाहिला. दाजी उतरले, शर्ट नीट केला, पुढे होऊन बाळ पाहिले आणि त्यांचा चेहरा असा काही मऊ झाला की मी इतक्या वर्षांत तो तसा पाहिला नव्हता. मग मोठ्या अदबीने त्यांनी डावीकडचे दार उघडले.

आत पत्रा होता. पत्र्यावर सीट अडकवायची चार भोके होती.

भाची बाळ छातीशी धरून वाकली, आत बघितले, मग बापाकडे बघितले. "बाबा," ती म्हणाली, "मी बसू कुठं?"

ती चिडली असती तर बरे झाले असते. ती खरेच विचारत होती. वजनाचा विचार झाला होता. बसण्याचा राहून गेला होता.

"सीट... सीट घरी आहे गं," ते म्हणाले.

ताई ओरडली नाही. तिने हात करून एक टॅक्सी थांबवली: मोठी, उंच, चौकोनी, वर कॅरियर, वजनाने दाजींच्या गाडीच्या सहज अडीचपट. भाची बसली, बाळ बसले, बॅग बसली, ताई बसली, मी पुढे बसलो. पर्सही बसली. "तुम्ही या मागनं," ताई त्यांना म्हणाली. "हळू या."

गाव संपले, मोठा रस्ता लागला, टॅक्सीने वेग घेतला. थोड्या वेळाने ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला, "मागचे काका तुमचेच ना? फारच चिकटून आहेत."

आम्ही वळून पाहिले. मागच्या काचेत दाजींचा चेहरा अगदी जवळ दिसत होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान पुढे, नजर आमच्यावरून ढळत नव्हती. टॅक्सी हळू झाली की तेही हळू, टॅक्सी पळाली की तेही पळत. चौतीस किलोमीटर त्या माणसाने आम्हाला एक क्षण दूर जाऊ दिले नाही.

ताईने पदराने डोळे टिपले. "बघ रे. काहीही असलं तरी बापाचा जीव आहे. लेकराला नजरेआड होऊ देत नाहीत."

भाचीनेही काचेतून हात हलवला. दाजींनी उत्तर दिले नाही. ते मन लावून चालवत होते.

घराजवळ आल्यावर ते मागे पडले आणि आमच्यानंतर दहा मिनिटांनी पोचले. अनवाणी, पळत पळत जिना चढून आले. डोळ्यांत पाणी होते. त्यांनी ताईचे दोन्ही हात धरले. ताईलाही भरून आले. सहा महिन्यांत प्रथमच त्यांनी तिचे हात धरले होते.

"पंपावर टाकी काठोकाठ भरून बघितली," ते म्हणाले. "सव्वीस! सव्वीस पॉइंट चार! अगं, समोरची हवा सगळी तुमची टॅक्सी फाडत होती!"

ताईने हात सोडवून घेतले. तिने भाचीकडून बाळ घेतले आणि दाजींच्या हातांत ठेवले. मग ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि दार लावून घेतले.

दाजी बाळ घेऊन हॉलमधल्या सीटवर बसले. सवयीने त्यांनी हात किंचित वरखाली केला. "तीन किलो दोनशे," ते हळूच म्हणाले. "तीन दिवसांत शंभर ग्रॅम वाढलं."

"आता वाढतच जाणार बाबा," भाची म्हणाली.

दाजींनी तिथे बसूनच मिस्त्रीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला आणि दोन्ही सीट गाडीत बसली. शेपटी निघाली, आरसे लागले, स्टेपनी आली. आता बाळाला डोस द्यायला न्यायचे असते तेव्हा सगळे जातात. दुपटी, बाटल्या, खेळणी, पर्स, सगळे. ताजी नोंद मी वहीत पाहिली: पंधरा पॉइंट सहा. शेरा: "बाळ गाडीत होते." शाई लालच आहे.

ही हकिगत मी आजवर एक्केचाळीस लोकांना सांगितली. पैकी अडतीस जणांनी विचारले, "सव्वीस? नक्की? टॅक्सी पुढे किती अंतरावर होती?" दोघांना शेपटीचे माप हवे होते. एकाची बस आली. मुलगा झाला की मुलगी, भाचीची तब्येत कशी आहे, ताई स्वयंपाकघरातून कधी बाहेर आली, हे आजवर एकानेही विचारलेले नाही.

तुम्ही अर्थातच त्यांतले नाही. तरीही, केवळ नोंद पूर्ण असावी म्हणून सांगतो: अंतर आठ फूट, वेग पासष्ट, काचा बंद, एसी बंद.