बुटकीचा कोट

मास्तरांनी परसदाराची कडी काढली आणि आधी पिसे मोजली. रात्रीतून अकरा पडली होती. काल सात होती.

"अगं, अकरा," ते घरात वळून म्हणाले.

"सगळी तिचीच?" बायकोने आतून विचारले.

"सगळी तिचीच."

तिची म्हणजे बुटकीची. खुराड्यात पाच कोंबड्या होत्या. काळी, तांबडी, ढवळी, शेंडीवाली आणि ही तपकिरी, चणीने लहान बुटकी. काळी तिला दाण्यांजवळ फिरकू देत नसे, आणि फिरकलीच तर पाठीवर चोच हाणत असे. बुटकीच्या पाठीवर आता तळहाताएवढे टक्कल पडले होते. कोंबड्या स्वतःच्या असत्या तर मास्तरांची झोप उडाली नसती. पण त्या थोरल्या मेहुणीच्या, म्हणजे ताईंच्या होत्या.

मास्तर शिंपी होते आणि हात चांगला होता. पण दोन वर्षांपूर्वी ताईंच्या यजमानांचा कोट त्यांनी बगलेत दोन बोटे घट्ट शिवला. लेकीच्या लग्नात यजमानांनी कुणाला तरी बोलवायला हात वर केला आणि कोट फाटला, तोही फोटो काढताना. तेव्हापासून ताई या घराची पायरी चढल्या नव्हत्या. गेल्या रविवारी मात्र त्या हातगाडीवर खुराडे घेऊन दारात उभ्या राहिल्या. "लेकीकडे आठ दिवस चाललेय. जशा देतेय तशा परत हव्यात," एवढेच बोलून गेल्या. बायको त्या दिवशी आनंदाने रडली होती. आता ती काळजीने रडायच्या बेतात होती.

"दोन वर्षांनी ताई आली हो. आता हिला पिसं कुठून आणायची आपण?"

पिसे आणणे मास्तरांच्या हातात नव्हते, कोट शिवणे होते. त्यांनी टेप घेऊन बुटकीची छाती मोजली, पाठ मोजली, पंखांचा घेर दोनदा मोजला आणि वहीत टिपून ठेवला. दुपारपर्यंत अस्तर लावलेला, पोटाखाली टिचबटणांचा छोटा कोट तयार झाला. कापड उरलेल्यातले होते, लालभडक. बुटकीला तो इतका नेमका बसला की मास्तर घटकाभर काळजी विसरले. मग त्यांनी तिला खुराड्यात सोडले. आतापर्यंत एकटी काळी टोचत होती, आता चौघीही धावून आल्या.

मास्तरांनी बुटकीला उचलून छातीशी धरले आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"कोणत्या रंगाचा शिवलात?" डॉक्टरांनी विचारले.

"लाल."

"मास्तर, रक्त दिसलं की कोंबड्या जास्त टोचतात. तुम्ही तर तिला मानेपासून शेपटीपर्यंत रक्तच शिवून घातलंत."

"मग आता काय करू?"

"कोट काढा. आणि जी टोचते ना, तिला बाजूला करा. तीन-चार दिवस बाकीच्यांच्या नजरेआड ठेवा. परत आली की ती नवखी ठरते, तोरा उतरतो."

दिलेल्या मापात स्वतःचे डोके चालवायचे नाही, हा मास्तरांचा कोट फाटल्यापासूनचा नियम होता. जी टोचते तिला बाजूला करायचे. त्यांनी काळीला न्हाणीघरात ठेवले. तासाभरात तांबडीने काळीची जागा घेतली आणि बुटकीला कोपऱ्यात घेतले, म्हणून तांबडी दुकानातल्या कपडे घालून बघायच्या खोलीत गेली. संध्याकाळी शेंडीवालीच्या अंगात आले, ती इस्त्रीच्या कपड्यांच्या टोपलीत गेली. राहिली ढवळी. ती आजवर कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिनेही दुसऱ्या दिवशी सकाळी एक चोच मारून पाहिली आणि स्वयंपाकाच्या ओट्याखाली रवाना झाली.

पुढचे तीन दिवस घरात कुणाच्या जिवाला स्वस्थता नव्हती. बायको आंघोळीला शेजारी जाऊ लागली. बँकेतले कॅशियर नवी पँट घालून बघायला आत गेले आणि लगेच बाहेर आले.

"मास्तर, आत एक कोंबडी आरशाला टोचतेय."

"टोचू द्या साहेब, त्या आरशातलीला काही होत नाही. पँट कमरेत कशी बसली?"

"अजून चढवली नाही. चढवायची हिंमत होत नाहीये."

खुराड्यात बुटकी एकटी होती. पाच जणींचे दाणे ती एकटी टिपत होती. मास्तर दर तासाने जाळीतून डोकावत, टकलावर नवे पीस फुटले का बघत आणि "बिचारी" म्हणून परत येत.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी चौघींना परत सोडले. काळी सवयीने दाण्यांकडे गेली. बुटकी एका उडीत तिच्या पाठीवर बसली. पाच मिनिटांत चौघी एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभ्या होत्या, आणि दाण्यांच्या भांड्यापुढे बुटकी एकटीच येरझारा घालत होती. रविवारी सकाळी मास्तरांनी पिसे मोजायला घेतली. या वेळी ती चार रंगांची होती. अठ्ठावीसवर त्यांनी मोजणे सोडून दिले, कारण पुढच्या दारात ताईंचा आवाज आला.

ताई थेट परसात आल्या आणि खुराड्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. बायकोने पदराचे टोक बोटाला गुंडाळले होते.

"हिला एकटीला ठेवलं होतं का आत?" ताईंनी विचारले.

"तीन दिवस," मास्तर म्हणाले.

"मग काय, घर हिचंच झालं. अहो, पूर्वी हीच सगळ्यांना सोलून काढायची. हिला वठणीवर आणायला मी मुद्दाम काळी आणली. सहा महिने गेले त्यात."

मास्तर आपल्या चपलांकडे बघत राहिले.

"ताई, त्यांना रागावू नकोस," बायको म्हणाली. "तू परत रुसशील म्हणून झोपले नाहीत ते आठवडाभर. मीसुद्धा."

ताईंची नजर दाराजवळच्या खिळ्याला टांगलेल्या लाल कोटावर गेली. त्यांनी तो काढला, उलटा केला, शिवण पाहिली. मग पंखाच्या फटीत दोन बोटे घातली. बोटे सहज आत गेली.

"बगलेत सैल ठेवलंय या वेळी," त्या म्हणाल्या.

"हो," मास्तर म्हणाले.

ताई घरात गेल्या आणि दोन वर्षांनी त्या घरातल्या खुर्चीत बसल्या. कोट त्यांनी मांडीवर नीट घडी करून ठेवला.

"चार शिवा," त्या म्हणाल्या. "काळीची छाती भरदार आहे, तिचं माप नीट घ्या. आणि लाल नको."