डब्यातला दिवा

मथुराबाईंनी दिवा डब्यात ठेवला आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

डबा म्हणजे माकणीच्या रानातली पत्र्याची पांढरी, झडपांची पेटी. आत तापमापक. आभाळातला उपग्रह उष्णतेच्या किरणांवरून हवेचं तापमान सांगायचा. ते खरं की खोटं, हे या डब्याशी ताडून पाहायचं. राखण आण्णासाहेबांकडे. रोज डबा पुसायचे आणि बायकोला, मथुराबाईंना, ऐकवायचे, "ह्यात जे असतं ना, ते वरच्याला कळतं."

गेल्या आठवड्यात डबा पुसता पुसताच ते गेले. माणूस गेला त्या जागी दहा दिवस दिवा तेवत ठेवायचा. पण रानातला वारा काही सुतक पाळत नाही. दिवा दोन-तीनदा गेला, तेव्हा मथुराबाईंनी तो डब्यातच ठेवला. वरच्याला कळणारच होतं, आणि आता आण्णासाहेबही वरच होते.

तिकडे शहरातल्या कचेरीत गोंधळ. डबा म्हणे उन्हाळा, उपग्रह म्हणे हिवाळा. उपग्रह पडला परका. त्यालाच खोटं पाडलं. बैठका झाल्या, त्याची गणितं बदलायचंही ठरलं. शेवटी कुणाला तरी सुचलं, आधी डबा तर उघडून बघा. मग हर्षाली नावाची तरुण अधिकारी लोहाऱ्याहून जीपनं आली.

तिनं डबा उघडला आणि कपाळाला हात लावला. "आजी, हे काय केलंत?"

"इझवू नको, पोरी. दहावा व्हायचाय अजून."

"अहो, या दिव्यापायी चांगला उपग्रह खोटा ठरत होता."

मथुराबाईंचा चेहरा उजळला. "म्हंजी, त्याला दिवा दिसला?"

हो म्हणावं, असं हर्षालीला फार वाटलं. पण तिची नोकरीच खऱ्याखोट्याची. "नाही, आजी. डब्यालाच तेवढा कळला. वरून एवढासा दिवा दिसत नाही."

"कायबी न्हाय?"

"नाही."

मथुराबाई बांधावर बसल्या. इतके दिवस वाऱ्याशी भांडून जपलेला दिवा, आणि ज्याच्यासाठी जपला त्याला पत्ताच नाही. त्यांना रडू आवरेना.

हर्षालीनं दिव्याला हात लावला नाही, तापमापक तेवढा काढून घेतला. "डबा नादुरुस्त आहे म्हणून कळवते. दहावा होऊ द्या."

मथुराबाईंनी कनवटीचा चष्मा काढला. "ह्यांनाबी दिसत नसंल, बघ. चष्मा इथंच ऱ्हायला. सरणावर ठेवताना कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय."

हर्षालीनं ओढणीनं काचा पुसल्या, दांड्या उलगडल्या आणि चष्मा डब्यात दिव्याकडे तोंड करून ठेवला. झडप लावली.

"डबा रोज पुसायचे," मथुराबाई म्हणाल्या, "चष्मा कदी न्हाय."