अर्ध्या मिशीचा भालाईत

आमच्या सांगलीच्या छंदमंडळात धातूच्या छोट्या सैनिकाचं परीक्षण छापायचं, तर खाली त्या सैनिकाची सही लागते. सही नसेल तर परीक्षण रद्द, आणि सैनिक प्रदर्शनातही उभा राहत नाही. नियम चांगला आहे. माझ्यासारख्या उतावळ्या माणसाला तो हवाच.

या खेपेला माझ्याकडे आलेला सुट्या भागांचा संच एका भालाइताचा होता. उंची करंगळीएवढी, ओतकाम स्वच्छ, पागोट्याचे पेच तर बघत राहावेत असे. "रविवारच्या प्रदर्शनात याच्यापुढे कुणी टिकत नाही," मी कुमुदला, म्हणजे बायकोला, सांगितलं. मला फार आनंद झाला होता. डाव्या गालावर तेवढी साच्याची रेघ राहिली होती. ती कानशीने घासली आणि मग डोकं धडावर चिकटवलं. डोकं बसल्याशिवाय ही मंडळी बोलत नाहीत.

"राम राम," भालाईत म्हणाला. "माझी डावी मिशी कुठं हाय?"

"ती साच्याची रेघ होती. मिशी निघाली तर माझी उतरवून देईन!"

कुमुद खोक्यावरचं चित्र घेऊन आली. चित्रात मिशी दोन्हीकडे होती.

"अहो, आता?" ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना. मी हाताने मिशी झाकली. लग्नाच्या आधीपासूनची मिशी ती.

मी पुट्टीची नवी मिशी करून देतो म्हणालो.

"पुट्टीची मिशी घिऊन चारचौघांत उभा ऱ्हाऊ व्हय?" तो म्हणाला. "तुमी शब्द दिलाय, राव. सगळी नगं. माझी गेली तेवढीच द्या. न्हाईतर सही न्हाई."

मागणी रास्त होती. मंडळाचे कार्यवाह घारपुरे मोजपट्टी घेऊन आले. "माप बत्तीसास एक," ते म्हणाले. "त्याची मिलिमीटरभर गेली, म्हणजे तुमची बत्तीस मिलिमीटर." माझी डावी बाजू अठ्ठावीसच भरली.

"चार कमी पडतात," घारपुरे म्हणाले. भालाईत भिंतीकडे बघत राहिला. मग घारपुऱ्यांनी स्वतःच्या भरघोस मिशीवरून एकदा बोट फिरवलं. "उरलेली मंडळातर्फे घ्या," ते म्हणाले. त्यांना मिठी मारावीशी वाटली, आणि मी मारलीही.

कुमुदने कात्री आणली. काम झाल्यावर भालाइताने मला आणि घारपुऱ्यांना निरखून पाहिलं आणि तो खो खो हसत सुटला.

"मान सांभाळा," मी म्हणालो, "गोंद ओला आहे."

"आता भाला नगं," तो डोळे पुसायला अजून न जोडलेला हात शोधत म्हणाला. "उजवा हात जोडा आन् वर घ्या."

पांढरा धातू मऊ असतो. हात जोडला, सुकू दिला आणि हळूहळू वाकवून त्याच्या उरलेल्या मिशीपाशी नेला. त्यामुळे सही त्याला डाव्या हाताने करावी लागली. वर त्याने शेरा लिहिला : कानस वाईट, माणूस शब्दाचा पक्का.

हात चित्राबरहुकूम नाही म्हणून मी संचाचा एक गुण कापला. तो त्याने मान्य केला.

रविवारी आम्ही एकाच टेबलापाशी उभे होतो. लोक आधी त्याच्याकडे बघत, मग माझ्याकडे. मी उजव्या मिशीला पीळ दिला. त्याने आधीच दिलेला होता.